आंबील प्यालेली लॉरी

येळवशीच्या दिवशी लातुरातून बाहेरगावी निघालेला माणूस एक तर परका असतो, नाहीतर घरात भांडून निघालेला. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला इथं सगळं शहर शेतात जेवायला जातं. डाळमिली बंद असतात, आडत बाजारात कुत्रं फिरकत नाही, क्लासच्या गल्ल्या ओस पडतात. ज्याला शेत नाही त्याला शेजारचा ओढून नेतो. आमच्या घरात छप्पन्न सालापासून पूजाअर्चा नाही. पण शेतात बसून भाज्याशेंगांची भज्जी खाऊ नका, आंबील पिऊ नका, असं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, असं बाबा म्हणायचे आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसायचे.

त्या वर्षी मात्र बाबा, आई आणि मी सकाळच्या नांदेड गाडीत बसलो होतो आणि आईच्या मांडीवर आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. पुढे उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच. शिरूर अनंतपाळजवळ आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. तिथं खरीप गेलं होतं आणि रब्बीची पेरणीच झाली नव्हती. ना ज्वारी, ना हरभरा. ढेकळांत बसून काय जेवायचं, म्हणून आईनं यंदा येळवस घरातच उरकायची ठरवली होती. तेवढ्यात पेपरात ती बातमी आली.

बाबांची नजर साखरेच्या आजारानं गेली होती. डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, उजव्यानं उजेड आणि आकार तेवढे कळायचे. त्यामुळे संध्याकाळी मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी आले की त्यांना पेपर वाचून दाखवायची. बाजारभाव, निधनवार्ता, मग राजकारण, असा त्यांचा क्रम होता. त्या दिवशी आतल्या पानावर होतं, की लोह्याजवळ एका शेतकऱ्यानं आपल्या रानात जुन्या ट्रॅक्टरांचं आणि लॉऱ्यांचं प्रदर्शन भरवलं आहे. रान नापेर राहिल्यामुळे मोकळंच होतं. सोबत फोटो होता. मी सहज वाचलं, "गोल नाकाची एक लॉरी आहे. खाली लिहिलंय, बहात्तरच्या दुष्काळात धान्य वाहणारी लॉरी."

बाबांनी पेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि उजव्या डोळ्याला इतका चिकटवून धरला की नाकाला शाई लागली.

"ही माझी हाय," ते म्हणाले.

"झालं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "आता कुटं जायचं?"

बाबांची लॉरी म्हणजे आमच्या घरातली एक लांबची नातलग होती. तिला मी कळत्या वयात पाहिल्याचं आठवत नाही, पण तिचे सगळे किस्से पाठ होते. बाबा बांधकाम खात्यात ड्रायव्हर होते. बहात्तरच्या दुष्काळात ते अगदी तरुण, नुकतेच रोजंदारीवर लागलेले. रस्त्याच्या दुष्काळी कामांवर ते खडी पोचवायचे आणि तिथं काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी सुकडी आणि लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. आमची आई त्यातल्याच एका कामावर खडी फोडायला होती. येळवशीच्या दिवशी कामावरच्या बायकांनी मिलोच्या पिठाची पातळ आंबील केली होती. ताक कुठून आणलं होतं देव जाणे. सुकडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला पाहुणा म्हणून माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, एक बिंदगी भरून दिली. सणाच्या दिवशी मोकळ्या हातानं कुणाला पाठवायचं नसतं.

पुढच्या कामाकडे जाताना लॉरीचं रेडिएटर उकळलं. विहिरी कोरड्या, नदीत वाळू, आणि लॉरीत पोरांची सुकडी. बाबांनी विचार केला, आंबील म्हणजे निम्मं पाणीच की. त्यांनी बिंदगी रेडिएटरमध्ये ओतली.

ज्यानं कधी चुलीवर आंबील शिजवली असेल त्याला पुढचं सांगायला नको. ताकात कालवलेलं पीठ तापलं की घट्ट होतं. दोन कोस गेल्यावर लॉरीच्या नाकातून वाफ आणि वाफेमागून घाटा येऊ लागला. ती तिथंच बसली. मागच्या कामावरून बायका बोलावून सुकडी डोक्यावरून न्यावी लागली. नेणाऱ्या बायकांत आई होती आणि आजीही होती. पाहुण्याला दिलेली आंबील त्यानं लॉरीला पाजली हे पाहून आजीनं भर रस्त्यात त्यांचा जो उद्धार केला, तो बाबा पुढे आयुष्यभर नक्कल करून दाखवायचे. आईबाबांचं लग्न त्या भांडणातून जमलं, असं आमच्याकडे सगळे मानतात. आई सोडून.

रेडिएटर कामातून गेलं होतं. दुसऱ्या एका मोडक्या गाडीचं आणलं, तर ते नीट बसेना. तेव्हा आईच्या गावच्या लोहारानं त्याच्या खाली आधाराला एक पट्टी घडवून दिली. लोखंड कुठलं, तर माझ्या आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाची धाव. दुष्काळात बैल विकले होते आणि गाडी नुसती उभी होती. आजोबा म्हणाले, चाकं तशीही फिरत न्हाईत, लॉरीची तरी फिरू द्या. म्हणून त्या लॉरीच्या नाकाखाली आमच्या आजोळचं लोखंड होतं, आणि ती ओळखायची असेल तर तेवढी एकच खूण होती.

मग लातूर जिल्हा झाला. आधी आमचा भाग उस्मानाबादेत होता. वेगळं निघाल्यावर कार्यालयातली कपाटं, खुर्च्या, माणसं, गाड्या सगळ्यांची वाटणी झाली. बाबा लातूरला आले आणि लॉरी तिकडेच राहिली. शहरात गुलाल उधळला जात होता, बाबाही नाचले, आणि रात्री गुलालानं माखलेले एसटीनं घरी आले. आई सांगते, दारात उभे राहून म्हणाले, "जिल्हा मिळाला, गाडी गेली." पुढे ती लिलावात निघाली एवढं कळलं. नंतर त्यांनी ती पुन्हा पाहिली नाही.

तर ती बातमी आल्यापासून बाबांना एकच गोष्ट हवी होती. त्या लॉरीच्या नाकाखाली हात घालून बघायचा. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस येळवशीचा होता. आई म्हणाली, येळवस शेतात जेवायची असती, ते बी शेतच हाय, चला. आणि पहाटे उठून तिनं सगळा सरंजाम केला.

बसमध्ये आम्ही सहाच प्रवासी होतो. कंडक्टर आईच्या मांडीवरच्या फडक्यानं बांधलेल्या बिंदगीकडे बघून म्हणाला, "मावशी, येळवशीला बाहेर? आन् ते बी आंबील घेऊन?"

"लॉरीला पाजायला चाललाव," आई म्हणाली.

कंडक्टरला काही कळलं नाही, पण चाकूरच्या थांब्यावर तो आणि ड्रायव्हर दोघंही आपापली पाण्याची बाटली रिकामी करून पुढे आले, आणि आईनं त्या भरून दिल्या. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते. गिअर बदलताना आवाज झाला की त्यांचा डावा पाय आपोआप दाबला जायचा. अहमदपूर आल्यावर ते म्हणाले, "धाव घासलेली असती. एका बाजूनं पातळ. मला हातानं कळंल."

"आन् नसली तर?" आईनं विचारलं.

"हाय."

लोह्याला उतरून ऑटोनं त्या रानात गेलो. लांबूनच आवाज येत होता. निरनिराळ्या वयाची शंभर माणसं एकदम खोकावीत तसा. रानात ट्रॅक्टर ओळीनं उभे होते. लाल, निळे, एक मूळचा हिरवा असावा. प्रत्येकाला झेंडूच्या माळा. एकाला तर पोळ्याची झूल पांघरून पुढच्या दिव्यांना गोंडे बांधले होते. एकाचं मागचं चाक नुसतं लोखंडाचं होतं, दात्यांचं. एकाची सीट पत्र्याची आणि तिला भोकंच भोकं. आईनं ती वाकून पाहिली.

"ही चाळणी कामून बसवली?"

"वारं लागावं म्हून," पलीकडच्या माणसानं सांगितलं.

"कुटं?" आई म्हणाली, आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन हसत पुढे गेली.

मला गर्दीत बोलायला जमत नाही. मी एरवी अशा ठिकाणी पाटी वाचण्यात वेळ काढते, आणि पाट्या भरपूर होत्या. पण त्या दिवशी बाबांचा हात माझ्या हातात होता आणि त्यांना पाटी नको होती. ते म्हणायचे, "काय हाय समोर?" मी सांगायची, रंग, चाकं, नळकांडं. मग ते पुढे होऊन बॉनेटवर तळवा ठेवायचे आणि ऐकायचे. एका ट्रॅक्टरपाशी दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले होते.

"आमच्या गावात ह्यो पैला आला. तुमच्यात तवा हेला बी नव्हता."

"आला, पर चालू झाला का? सहा मैने देवळाम्होरं हुबा होता. बाया त्याच्यावर शेवया वाळू घालायच्या!"

"शेवया वाळल्या का न्हाई पर?"

बाबा एवढे हसले की मला त्यांना धरावं लागलं. मग दोघांपैकी एकानं हँडल मारून तो ट्रॅक्टर चालू करून दाखवला. एका सिलिंडरचा होता तो. डुग, डुग, डुग, मध्ये इतका थांबायचा की आता बंद पडला असं वाटावं, आणि पुन्हा डुग. आई म्हणाली, "ह्यो तुमच्यासारखा बोलतो."

लॉऱ्या रानाच्या पलीकडच्या कडेला होत्या. पाच-सहाच. त्यातली गोल नाकाची लांबूनही ओळखू येत होती. नव्यानं गडद निळा रंग दिला होता, लाकडी केबिनला पॉलिश, आरशाजवळ पितळी भोंगा. समोर फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'बहात्तरच्या दुष्काळात धान्य वाहणारी लॉरी'. शेजारी खुर्चीवर तिचे मालक, एक सरदारजी, पांढरी दाढी, गुलाबी पगडी. नांदेडला त्यांचं गॅरेज होतं. बोलणं मात्र अस्सल लोह्याकडचं.

"रामराम काका. काय बघून राहिले?"

"माझी लॉरी," बाबा म्हणाले.

सरदारजी उठून उभेच राहिले. बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं, खातं, साल, रस्ता. आंबिलीचं आणि धावेचं सांगितलं नाही. सरदारजींनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, भंगारवाल्यानं मला येवढंच सांगितलं होतं, ही दुष्काळात धान्य वाहायची. मी म्हणायचो, खरं असंल का खोटं? आता तुम्हीच आले! थांबा, थांबा."

ते जे गेले ते थेट माईकपाशी. माईकवर शेताचे मालक होते, ज्यांनी प्रदर्शन भरवलं होतं. उत्साही गृहस्थ, सकाळपासून कुणाचा तरी सत्कार करायला आसुसलेले. आम्ही बॉनेट उघडायला सांगणार, तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. "एक आनंदाची बातमी! बहात्तरच्या दुष्काळात हीच लॉरी चालवणारे ड्रायव्हर आपल्यात उपस्थित आहेत! सर्वांनी निळ्या लॉरीपाशी यावं!"

आणि सगळे आलेच. ट्रॅक्टर सोडून, भांडण सोडून, मोबाइल वर धरून. कुणीतरी बाबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. शाल अंगावर आली होती आणि बाबांनी अजून लॉरीला हातही लावला नव्हता. मी सरदारजींच्या जवळ जाऊन, मला जमेल तेवढ्या मोठ्यानं, म्हटलं, "आधी बॉनेट उघडता का? त्यांना एक खूण बघायची आहे."

बॉनेट उघडलं. बाबांनी नारळ माझ्याकडे दिला, बाही वर केली, आणि रेडिएटरच्या खाली हात घातला. बाबांची बोटं आत कुठंतरी फिरत होती आणि ते मान वर करून आभाळाकडे बघत होते. न दिसणारी माणसं हातानं बघताना अशी वर बघतात, हे मला त्यांच्यामुळे माहीत झालं.

"पट्टी हाय," ते म्हणाले.

आई पुढे झाली. मोबाइल वर झाले.

बाबांची बोटं थांबली. पुन्हा फिरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटी. खूप वेळ गेला असं मला वाटलं. मग त्यांनी हात काढून घेतला. आईनं बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात आत घातला. तिच्या बापाच्या गाडीचं लोखंड होतं ते. तिलाही ते कळायला हवं होतं.

तिनं वर येऊन बाबांकडे पाहिलं. शाल पाहिली, लोक पाहिले. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हीच हाय. माझ्या बापाची धाव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईकवाले म्हणाले, "बोला, बोला काका, दोन शब्द!" आणि माईक बाबांच्या तोंडापुढे आला.

बाबांनी आधी सगळ्यांना जय भीम घातला, मग रामराम, मग सरदारजींच्या दिशेनं सत श्री अकाल. मग म्हणाले, "मंडळी, आमची मालकीण खोटं बोलली."

आईनं कपाळाला हात लावला.

"आतली पट्टी कुणी तरी चांगल्या माणसानं घडवलेली हाय. पर ती धाव न्हाई. धाव एका अंगानं घासलेली असती. ही सारखी हाय, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही लॉरी माझी न्हाई. हिनं दुष्काळात काय वाहिलं मला ठावं न्हाई. वाहिलं असंल. तवा सगळ्याच वाहत होत्या." त्यांनी शाल काढली आणि हवेत धरली, कुणाकडे द्यायची ते न कळून. "ही घ्या. माझ्या लॉरीचा मान हिच्यापाशी बसून मी घिऊ न्हाई."

शाल कुणी घेईना. माईकवाल्यांचं तोंड पडलं होतं. सरदारजी फळ्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, आता मुकाट्यानं रस्त्यावर जाऊन ऑटो बघायचा. तेवढ्यात मघाच्या शेवयावाल्या म्हाताऱ्यानं गर्दीतून विचारलं, "पर बैलगाडीची धाव लॉरीला बसवली कामून?"

आणि बाबांनी सांगितलं. माईक हातातच होता. उकळलेलं रेडिएटर, आजीनं दिलेली बिंदगी, निम्मं पाणी निम्मं पीठ, लॉरीच्या नाकातून आलेला घाटा. आजीची नक्कल त्यांनी भोंग्यातून सगळ्या रानाला ऐकवली. "आरं ए डायवर! तुजी लॉरी काय बाळंतीण हाय का, तिला आंबील पाजली!" लोक ट्रॅक्टरच्या चाकांना धरून हसले. आई म्हणाली, "पुरं करा की आता," पण तीच सगळ्यांत जास्त हसत होती. तिची आई तिला त्या आवाजात दर वर्षी एकदा तरी भेटायची.

सरदारजींनी डोळे पुसले. बिंदगीकडे बोट दाखवून म्हणाले, "काकू, त्यात काय हाय?"

"तेच," आई म्हणाली.

मग जेवणंच झाली. लॉरीच्या सावलीत चादर अंथरली, भज्जी निघाली, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. आईनं दहा माणसांचं केलं होतं, येळवशीला कमी करायचंच नसतं, तरी ते तिथं किती पुरणार. पण माईकवाल्यांच्या घरून भाकरी आल्या, कुणी ठेचा काढला, कुणी कांदा फोडला. लोह्याकडच्या बऱ्याच जणांना येळवस ऐकूनच माहीत होती. आंबिलीचा घोट घेऊन सरदारजी विचारात पडले.

"काकू, चांगली हाय. पर गाडीत टाकायचं डोक्यात कसं आलं असंल?"

"तेच मी चाळीस वर्सं इचारलाव."

जेवण झाल्यावर सगळ्या गाड्या रानाला एक फेरी मारणार होत्या. तोच शेवटचा कार्यक्रम होता. सरदारजी बाबांसमोर उभे राहिले. "काका, बसा. तुमची नसली तरी बसा."

बाबांनी जरा विचार केला. "पावना म्हून बसतो," ते म्हणाले. "डायवर म्हून न्हाई."

केबिनमध्ये सरदारजी गाडी चालवायला, मध्ये आई, खिडकीशी बाबा. मी मागे हौद्यात, फळीला धरून उभी. केबिनच्या मागच्या जाळीतून मला तिघांच्या पाठी दिसत होत्या आणि सगळं ऐकू येत होतं. लॉरी हलली तेव्हा बाबांचा हात पुढे सरकून समोरच्या दांडीवर पडला आणि तिथंच राहिला. पुढे डुगडुग ट्रॅक्टर, त्यामागे झूलवाला, मग आम्ही. ढेकळांतून, धुरळ्यातून, माणसाच्या चालीनं.

अर्ध्या फेरीत आई एकदम म्हणाली, "आवं, ह्यो शेताला येढाच की."

येळवशीला जेवण झाल्यावर घरातला माणूस आंबिलीचं भांडं घेऊन शेताला फेरी घालतो आणि आंबील शिंपडत जातो. पिकाला पाजायची असते ती. ओरडायचंही असतं, 'ओलगे ओलगे सालम पलगे'. कानडी मुलखातून आलेले शब्द असावेत. मी पुस्तकांत पुष्कळ शोधलं, नक्की अर्थ मला सापडलेला नाही, आणि ओरडणाऱ्या कुणाला तो लागतही नाही.

आईनं बिंदगी मांडीवरून बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडले, "ओलगे ओलगे!"

"सालम पलगे!" आई.

नापेर रान होतं ते. एक हिरवी काडी नव्हती. त्या ढेकळांवर बाबा ओंजळीनं आंबील शिंपडत होते आणि अर्धी दारावर सांडत होती. दुसऱ्या वळणापासून सरदारजीही ओरडायला लागले. तिसऱ्या वळणावर पुढचे ट्रॅक्टरवालेही, चुकीचे शब्द, पण जोरात. मीही ओरडले. त्याआधी मी कधी एवढ्या मोठ्यानं ओरडले होते मला आठवत नाही.

फेरी संपता संपता लॉरीच्या नाकातून वाफ यायला लागली. सरदारजींनी गाडी थांबवली आणि बिंदगीत डोकावून बघितलं. "काका, थोडी उरून राहिली."

आईनं बिंदगी पदराखाली घेतली. "एक थेंब भेटायचा न्हाई!"

निघताना सरदारजींनी फळा माझ्यापुढे आणून ठेवला. बाबांनी त्यांना सांगितलं होतं की माझी पोरगी पुस्तकांत असती, तिचं अक्षर चांगलं हाय. "ताई, पुसून टाकू का? भंगारवाल्याच्या भरवशावर लिहिलं होतं."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पुसू नको. म्होरं 'अशीच एक' म्हून लिही."

मी शब्द जरा जुळवून लिहिलं. 'अशीच एक लॉरी बहात्तरच्या दुष्काळात धान्य वाहत होती.' शाल सरदारजींनी लॉरीच्या नाकावर घातली. माईकवाल्यांना ते पसंत पडलं, कारण सत्कार झालाच शेवटी.

परतीच्या बसमध्ये अंधारून आलं होतं. अहमदपूरला शेतातून परतणारी माणसं चढली, रिकाम्या बिंदग्या, झोपलेली पोरं, कडब्याची कुसळं. बाबा खिडकीशी होते. त्यांच्या मनगटावर वाळलेल्या आंबिलीचे पांढरे ओघळ होते. त्यांनी विचारलं, "आपली कुटं असंल गं?"

मला वाटलं, आई म्हणेल, भंगारात वितळली असंल. तेच खरंही असणार.

"असंल कुटं तरी," आई म्हणाली. "धाव हाय तिला. पडायची न्हाई."

बाबांनी मान हलवली आणि सीटला डोकं टेकलं.

त्यांना जाऊन आता दुसरी येळवस आली आहे. यंदा पाऊस बरा झाला. शिरूरच्या तुकड्यात हरभरा आहे, ज्वारी आहे. फेरी घालायला माणूस नाही म्हणून शेजारच्यांना सांगू, असं मी म्हणत होते. आई म्हणाली, कशाला, तुला वरडता येतंय की.